धुवायचं नाही, म्हणालात

अहो, तुमच्या शोकसभेत तुम्हाला इजिप्तचे गाढे अभ्यासक करून टाकलं. मी पहिल्या रांगेत होते. शेजारी मीनल, आपली लेक, पुण्याहून आलेली. ती सारखी माझा हात दाबत होती, कारण तिला माझं तोंड माहीत आहे. स्टेजवर तुमचा फोटो, पासपोर्टवरून मोठा केलेला, त्यात तुम्ही पाकीट मारताना सापडल्यासारखे दिसता. संस्थेचे अध्यक्ष उठले आणि म्हणाले, सरांनी पिरॅमिडच्या भिंतींवरची भाषा परभणीत आणली. त्यांच्या मागून आलेले गृहस्थ म्हणाले, मोहेंजोदडोची लिपी सरांनी जवळजवळ वाचलीच होती, पण काळानं घाला घातला. तिसऱ्यांना यातलंही काही ठाऊक नव्हतं, म्हणून त्यांनी तुमच्या साधेपणावर भागवलं. सर सायकलवर यायचे, म्हणाले. सायकल तेवढी खरी.

उठून सांगावं असं एकदा मनात आलं. पण सांगू काय? तुम्ही आयुष्यभर काय करत होतात ते तुम्ही कुणाला कळू दिलंत? गेल्या महिन्यात, सकाळचा चहा झाल्यावर, खुर्चीत बसल्या बसल्या तुम्ही गेलात, आणि तेव्हापासून जो भेटायला येतो तो जाताना दारात थांबून विचारतो, ‘सर नेमके कशातले हो?’ मी असिरियॉलॉजी म्हणाले की लोक असे बघतात, जणू मी तुमच्या आजाराचं नाव सांगतेय. म्हणून मी आता सोपं करून सांगायला लागलेय. इराक आहे ना, म्हणते, तिथं फार पूर्वी अश्शूर आणि बॅबिलोनचे लोक ओल्या मातीच्या पाटीवर काडी टोचून लिहायचे. ते लिहिलेलं वाचणारा माणूस. जर्मनीत जाऊन शिकून आलेला. जी भाषा बोलणारा शेवटचा जीव मरून दोन हजार वर्षं होत आली, ती भाषा याला अस्खलित यायची, आणि परभणीच्या कॉलेजात हा बी.ए.च्या पोरांना मराठ्यांचा इतिहास शिकवायचा. एवढं ऐकल्यावर ते ‘अरे वा’ म्हणतात आणि चपला शोधायला लागतात.

विद्वान होतात, ते मी नाकारत नाही. उंटावर बसून शेळ्या हाकणारे विद्वान. उंट तिकडचा, शेळ्या इकडच्या.

मला बघायला मानवतला आलात तो दिवस तुम्ही नेहमी चुकीचा सांगायचात, म्हणून आता मी सांगते, आता मधे बोलायला तुम्ही नाही. मी तेव्हा शाळेत चित्रकला शिकवत होते. बाबा कापसाच्या अडतीवर मुनीम. पोहे झाले, चहा झाला, मामा म्हणाले, मुलाला काही विचारायचं असेल तर विचारा. आधी येऊन गेलेली मुलं विचारायची, स्वयंपाक येतो का, नोकरी सोडाल का. तुम्ही रिकामा कप उचललात आणि म्हणालात, ‘हा मधोमध उभा कापला तर कसा दिसेल, काढून दाखवता येईल?’ बाबांचा चेहराच पडला. मी कागद आणून काढून दाखवलं. डावीकडं कापलेली बाजू, भिंतीची जाडी काळी भरून, उजवीकडं बाहेरून दिसणारा कप. तुम्ही तो कागद इतका वेळ बघत बसलात की मामांना खोकावं लागलं. मग म्हणालात, ‘ओठ चुकलाय.’ भांड्याच्या काठाला तुमच्या धंद्यात ओठ म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं.

चुकला नव्हता, अहो. त्या कपाचा टवका गेलेला होता आणि मी टवका काढला होता. भांडायची जाम इच्छा झाली. पण बघण्याच्या कार्यक्रमात नवऱ्या मुलाशी भांडत नाहीत, म्हणून मग लग्न केलं.

लग्नानंतर मी तुमच्या पाट्यांच्या फोटोंवरून अक्षरं उतरवून द्यायची. एकेक खिळ्याच्या आकाराची खूण, एकेक ओरखडा. डोळ्यांची भोकं पडायची वेळ यायची. तुमचे ते चार-दोन लेख बाहेरच्या देशात छापून आले, त्यात तळाला बारीक अक्षरांत असायचं, रेखाटनं लेखकाच्या पत्नीची. पत्नीला नाव असतं हे त्या लेखकाच्या लक्षात आलं नाही. बॅबिलोनच्या कुठल्या देवळात कुठली बाई सूत कातत होती, तिचं नाव तुम्हाला पाठ.

एका रविवारची आठवण सांगू? तुम्ही मधल्या खोलीत बसला होतात आणि डोळ्यांत पाणी. मी घाबरले. तुम्ही म्हणालात, अश्शूरची एक बाई आहे, नवरा व्यापाराला दूर गेलाय, तिनं त्याला तक्रार लिहिलीय, घरात काही ठेवलं नाहीस, येतही नाहीस. किती जिवंत आहे बघ, म्हणालात. मी हातात गॅसचा पाना घेऊन उभी होते. सिलिंडर संपलाय, बदलून द्या, म्हणून सकाळपासून तिसऱ्यांदा आले होते. माझी तक्रार मातीवर टोचून, वाळवून, चार हजार वर्षं पुरून ठेवली असती तर तुम्ही नक्की रडला असतात.

पण सगळंच काही असं नव्हतं, खोटं कशाला बोलू. एकदा मी भाकरी थापत होते, तुम्ही शेजारी येऊन बसलात आणि उलथन्याच्या कोपऱ्यानं भाकरीच्या पिठात टुकटुक करत काहीतरी उमटवलंत. काय हे, म्हटलं. म्हणालात, ‘तुझं नाव. शैला. असं लिहिलं असतं त्यांनी.’ मी ती भाकरी तशीच तव्यावर टाकली. भाजल्यावर अक्षरं आणखी ठसठशीत झाली. मीनल तेव्हा लहान होती, तिला ती खायची नव्हती, ठेवायची होती. तुम्ही मात्र ठेचा घेऊन पहिला तुकडा मोडलात आणि म्हणालात, राणी असतीस तर तुला कुणी असं खाल्लं नसतं. त्या दिवशी मी खूश होते. हे मी तुम्हाला तेव्हा बोलून दाखवलं नाही, कारण तुम्ही लगेच डोक्यावर बसला असतात.

मग तिकडं युद्ध झालं आणि तुमचा तो देश तुम्हाला बंद झाला. म्युझियमं लुटली गेली त्या बातम्या बघताना तुम्ही जेवत नव्हतात. ते दुःख मी बघितलंय, त्याची टिंगल मी करणार नाही. टिंगल करायची ती पुढच्याची.

चुडाव्याच्या स्टेशनावर उतरून पुढं आत जावं लागतं ते तुमचं गाव. गावाला लागून पांढरी. आपल्याकडं शेताची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. राख, शेण, पडक्या भिंती, फुटकी मडकी, पिढ्यान्‌पिढ्या एकावर एक बसून झालेलं टेकाड. लोक तिथली माती धाब्याच्या घरांवर घालायला न्यायचे, खत म्हणून शेतात पसरायचे. इराकात अशीच टेकाडं असतात आणि तिथलेही लोक अशीच माती नेतात, हे तुम्हाला पन्नाशी जवळ आल्यावर सुचलं. लहानपणी ज्या टेकाडावर घसरगुंडी केली ते काय आहे, हे कळायला तुम्हाला जर्मनीतून वळसा घालून यावं लागलं. पुरातत्त्व खात्याची परवानगी काढलीत, दोन हिवाळे तिथं चौकोनी खड्डे घेतलेत. कॉलेजची पोरं, गावचे गडी, आणि सगळ्यांच्या भाकरी थापायला तुमच्या थोरल्या बहीण, अक्का.

खापरं निघाली, ढिगानं. मणी निघाले, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे निघाले. मी शाळेला रजा टाकून आले होते, ब्रश, कागद, शाई घेऊन. माझ्या डोक्यात पक्कं होतं: तुम्ही अहवाल लिहिणार, मी चित्रं काढणार, आणि या खेपेला पत्नीला नाव असणार. ओठाचा एवढासा तुकडा मिळाला तरी त्याच्या बाकावरून अख्खं मडकं कागदावर उभं करता येतं. सांगते, मला त्याहून आवडीचं काम या जन्मात मिळालं नाही. मी दोन बादल्या पाणी काढलं आणि पहिलं घमेलं ओढलं.

तुम्ही धावत आलात. धावत. तुम्हाला धावताना मी तेवढंच एकदा बघितलं. ‘धुवायचं नाही,’ म्हणालात. ‘पाणी लांब ठेव.’

कारण तिकडच्या पाट्या कच्च्या मातीच्या. उन्हात वाळवलेल्या, भाजलेल्या नव्हेत. पाण्यात पडल्या की संपल्या. तुमच्या जर्मन गुरूंनी पहिल्याच दिवशी शिकवलेलं, मातीजवळ पाणी न्यायचं नाही, आणि ते तुम्ही मुंजीतल्या मंत्रासारखं धरून बसलात. मी म्हटलं, ‘अहो, ते तिकडं. इथं कोण मातीवर लिहीत होतं?’ तुम्ही म्हणालात, ‘लिहीत नव्हतं, हे तुला कुणी सांगितलं?’ याला उत्तर नसतं. वेड्यालाही उत्तर नसतं.

पुण्याहून दोन पुरातत्त्ववाले बघायला आले होते, ते हसले. सर, खापरं तर त्याच दिवशी संध्याकाळी धुतात, म्हणाले. तुम्ही त्यांच्याशी पुन्हा बोललाच नाहीत. सगळा माल तसाच, माती लागलेला, बारदान्यात भरून, कुठल्या खड्ड्यातला, कुठल्या थरातला त्याची चिठ्ठी बांधून घरी आणलात. म्हणे मी स्वतः एकेक ढेकूळ कोरड्या ब्रशनं साफ करीन. रविवारी बसायचात, तीन-चार तुकडे व्हायचे, मग पाठ धरायची. त्या वेगानं तुम्हाला आणखी दोन जन्म लागले असते, आणि मला ते दोन्ही जन्म तुमच्याबरोबर काढावे लागले असते.

पोत्यांवर चादर घातली आणि आपल्याकडं येणारे पाहुणे पुरातन काळावर बसून चहा प्यायला लागले. विंचू निघायचे. दर दिवाळीला झाडलोट करताना मी म्हणायची, धुवू का? तुम्ही म्हणायचात, नाही. अक्का गावाहून आल्या की त्यांचं वेगळंच. ‘शैला, ही घाण कवा काढायलीस घरातून? मेल्याली मडकी जित्या माणसाच्या घरात कशाला गं?’ थोरल्या बहिणीपुढं तुमची बॅबिलोनियन विद्या पार बसायची.

धुतल्याशिवाय निवडता येत नाही. निवडल्याशिवाय मोजता, काढता येत नाही. चित्र नाही तर अहवाल नाही. आणि खोदलेली जागा दुसऱ्यांदा खोदता येत नाही, लिहून ठेवलं तरच उरतं, नाहीतर नुसता खड्डा. हे मी तुम्हालाच तुमच्या पुस्तकातून वाचून दाखवलं. तुम्ही म्हणालात, ‘घाई कसली? ती माती दोन हजार वर्षं थांबलीय.’

पांढरी मात्र थांबली नाही. रस्त्याच्या कामाला भराव पाहिजे म्हणून जेसीबी आला. तुम्ही अर्ज केलेत, ते मान्य. पण तो अर्ज तहसीलदाराला कळायला आधी त्याला बॅबिलोन कळावं लागलं असतं. तीन पानं तिकडचीच, आणि आपल्या गावाचं नाव शेवटच्या ओळीत. अर्ज वाचून होईपर्यंत टेकाड टिपरमधे बसून गेलं होतं. आपण दोघं बघायला गेलो तेव्हा तिथं सपाट जमीन होती आणि कडेला अक्का उभ्या होत्या. त्या तुम्हाला म्हणाल्या, ‘गेलं बघ, बाळ्या. न्हाई म्हनता म्हनता समदं गेलं.’ परतीच्या गाडीत मी म्हटलं, आता गावाचं जे काही आहे ते आपल्या मधल्या खोलीत आहे, आता तरी धुवू द्या. तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, ‘आता तर मुळीच नाही.’ त्या दिवसापासून मी तुमचा मनापासून तिरस्कार करायला लागले, अहो. जेवायला वाढत होते, गोळ्या देत होते, आणि तिरस्कार करत होते. लोकांना वाटतं दोन्ही एका वेळी होत नाही.

गेलात. तुमची रक्षा गंगाखेडला गोदावरीत सोडली. मीनलनं कलश पाण्यात धरला तेव्हा माझ्या मनात आलं, जन्मभर पाण्याला भ्यालेला माणूस, शेवटी हेच झालं ना. मला हसू आलं. मीनलला वाटलं मी रडतेय. तिनं मला जवळ घेतलं, मग खरंच रडले.

तेरावं झालं आणि तुमचा गजानन आला. तुमचा लाडका विद्यार्थी, आता विभागप्रमुख, पोटही प्रमुखासारखं झालंय. हातात हार आणि मोजायची टेप. कॉलेजला तपासणीची समिती यायची आहे, त्याआधी त्यांना तुमच्या नावाचं दालन करायचंय.

‘मॅडम, पोती तशीच ठेवायची,’ म्हणाला. ‘सरांच्या हातच्या गाठी आहेत. गाठसुद्धा सोडायची नाही. काचेचं मोठं कपाट करून घेतो, वरून उजेड सोडतो.’

‘पोती काचेत ठेवणार?’

‘हो मॅडम. खाली पितळी पाटी.’

‘पाटीवर काय लिहिणार? आत काय आहे ते माहीत नाही, असं?’

तो दुखावला. ‘सरांची शेवटची इच्छा होती मॅडम, धुवायचं नाही.’

मी म्हटलं, ‘गजानन, सरांची शेवटची इच्छा चहा होती, आणि तोही साखर घालून. मी शेवटपर्यंत बिनसाखरेचा दिला.’ यावर तो रडायलाच लागला. चांगला आहे हो पोरगा, पण तुमच्यासमोर उभं राहून त्याची मान कायमची खाली राहिली. पुरातत्त्व शिकलेला माणूस, खापरं धुतात हे त्याला माहीत नाही का? माहीत आहे. त्यानंही ते तुमच्यापुढं गिळलं. आणि आता तेच गिळलेलं काचेत मांडून लोकांना हात जोडायला लावणार. इजिप्तच्या अभ्यासकाची पोती. समितीतले लोक चप्पल बाहेर काढून आत गेले असते, पैज लावते.

मी त्याला म्हटलं, बरं, सोमवारी टेम्पो घेऊन ये. तो खूश होऊन गेला. मी लगेच अक्कांना फोन लावला.

शनिवारी सकाळी अक्का पहिल्या गाडीनं आल्या, पदर खोचूनच. अंगणात बादल्या मांडल्या, दात घासायचे जुने ब्रश, चाळण्या. प्रत्येक पोत्याची चिठ्ठी त्याच्याच ढिगावर दगडाखाली, एकाचं दुसऱ्यात जाऊ द्यायचं नाही, हे मी अक्कांना आधीच बजावलं. त्या म्हणाल्या, ‘मला नको शिकवू, मी चार जावांची भांडी येगळी ठिवलेली बाई हाय.’ पहिली गाठ मी सोडली. सुटेना, तुमची गाठ ती, मग विळीनं कापली. मला वाटत होतं तुम्ही धावत याल.

नाही आलात. पहिलं खापर पाण्यात गेलं, ब्रश फिरला, आणि तांबडा रंग वर आला, अहो. असा तांबडा, की अक्का म्हणाल्या, ‘कालच भट्टीतून काढल्यावानी हाय की.’ मग काळं-तांबडं, आत काळं आणि बाहेर तांबडं, चकचकीत घासलेलं. पांढऱ्या रंगानं काढलेल्या रेघा. तोटीचे तुकडे. झाकणाच्या मुठी. ओठ तर किती, बाहेर वळलेले, आत दुमडलेले, चोचीसारखे. अंगणभर चटया टाकून वाळत घातले, मग गच्चीवर, मग शेजारच्यांच्या गच्चीवर. शेजारच्या वहिनींना वाटलं सरांच्या नावानं काही विधी चाललाय. त्यांनी हळदकुंकू आणून वाहिलं, मी वाहू दिलं.

हे सगळं आपल्या घरात होतं. आपण त्यावर पाहुणे बसवले. तुम्ही समोर आरामखुर्चीत बसून परदेशातल्या पाट्यांचे फोटो भिंगातून बघायचात आणि तुमच्या आजे-पणजांची भांडी, तुमच्या पायाशी, चिखलात थोबाड खुपसून पडलेली. आपल्या गावात काही लिहिलेलं सापडलं तरच ते गाव मोलाचं, असं होतं ना तुमच्या मनात? नुसतं रांधून, पाणी भरून, जगून गेलेली माणसं तुम्हाला पुरेशी वाटली नाहीत. तुम्हाला त्यांचं पत्र पाहिजे होतं. बाकीच्या पुरातत्त्ववाल्यांना तुम्ही गबाळे म्हणायचात, पण मातीशी असा उर्मटपणा मी दुसऱ्या कुणात बघितला नाही.

सोमवारी गजानन टेम्पो घेऊन आला आणि गेटमधेच खिळला. ‘मॅडम,’ म्हणाला, ‘तुम्ही सरांना पुसून टाकलंत.’ मी त्याला पाणी दिलं. तो पायरीवर बसून राहिला. टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. बऱ्याच वेळानं गजाननचा हात शेजारच्या चटईकडं गेला, त्यानं एक ओठ उचलला, उन्हात धरला, फिरवला. मग दुसरा. मग खाली सरकून मांडी घातली आणि चिठ्ठी वाचून म्हणाला, ‘वरचा थर ना हा? आणि खालचा कुठाय?’ दुपारपर्यंत त्याचा शर्ट मळला होता आणि मान वर होती. अक्कांनी त्याला तिथंच ताट दिलं. दालनाचं नाव त्यानं त्या दिवशी काढलं नाही.

आता तो रोज कॉलेज सुटल्यावर येतो. तो निवडतो, मोजतो, मी काढते. चष्म्याचे दोन आकडे वाढले आहेत, पण हात शाबूत आहे. अहवाल होईल, अहो. तुमच्याशिवाय होईल, हे तुम्हाला बोचावं म्हणून मुद्दाम लिहितेय. त्यावर तुमचं नाव पहिलं टाकायचं की नाही, यावर आमचं अजून जुळत नाही. गजानन हो म्हणतो. मी म्हणते, टाका, ‘खोदणारे’ म्हणून, बारीक अक्षरांत. रेखाटनांखाली मात्र माझं पूर्ण नाव येणार आहे, माहेरच्या आडनावासकट.

एक गोष्ट मी गजाननला सांगितलेली नाही. अक्कांनाही नाही, त्या तेव्हा आत भाजी टाकत होत्या.

रविवारी दुपारी सगळ्यात खालच्या थराचं पोतं उपसताना एक गोळा हाताला आला. तळहातात मावेल एवढा, चपटा, कडा गोलसर. बाकीचे सोडत होते तसाच तोही मी बादलीत सोडला. वर काढून अंगठा फिरवला, की आता खापर लागेल. खापर लागलं नाही. माती सुटत गेली, आणि आतही मातीच होती. त्याच्या जरा आधी, एकच क्षण, अंगठ्याखाली काहीतरी लागलं. बारीक ओळींसारखं, एकाखाली एक. मग पाणी गढूळ झालं आणि माझ्या हातात काही राहिलं नाही.

बारदान्याची वीण असणार. ओलसर ढेकूळ पोत्याच्या तळाला इतकी वर्षं दाबून बसलं तर वीण उमटणारच, कुणीही सांगेल. आपल्या पांढरीत पाट्या नसतात. हे मी तुम्हाला जन्मभर सांगत आले आणि आजही सांगते. ढेकूळ होतं. ती बादली मी ओतली नाही, गाळ बसू दिला, वरचं पाणी हलकेच काढलं आणि तळाशी हात घालून चाचपलं. चिखल, दुसरं काय असणार?

पण कसं लागलं ते मला अजून अंगठ्यात कळतंय. ओळींत अंतर एवढं, खोली एवढी, कड अशी. हे मी तुम्हाला दाखवलं असतं तर तुम्ही माझा अंगठा हातात धरून, डोळे मिटून, दोनच प्रश्न विचारले असतेत आणि सांगून मोकळे झाला असतात, वीण की अक्षर. गजाननला ते येणार नाही, पुण्याच्यांनाही नाही. हे सांगू शकणारा माणूस या साऱ्या मुलखात एकच होता. आज सकाळीही मी चहाचा कप घेऊन मधल्या खोलीत विचारायला गेले. दारात उभी राहिले, तर आत नुसती मोकळी फरशी.